शास्त्रज्ञाचे पाच दम

ऐक फक्त, मध्ये बोलू नकोस. ताईनं हातातला पत्ता टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाली,

"मी झोपते."

म्हणजे ती नाही, खेळातली तिची शास्त्रज्ञ. रविवारची दुपार, आम्ही चौघं कप्तानाच्या घरी. कप्तान म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचा. अंतराळयानाचा हा खेळ त्यानं स्वतः बनवलाय, म्हणून कप्तान. मी यान चालवते, लंबू मेकॅनिक. शास्त्रज्ञ कोणी होईना, तेव्हा मी ताईला अंथरुणातून ओढून नेलं. लॅबमध्ये काम करते, तिला काय अवघड, असं वाटलं मला.

नियम असा की शास्त्रज्ञाला पाच दम. एक तपासणी केली की पत्त्यावरचा एक दम खोडायचा. ताईचे पाचही खोडून झालेले.

"ताई, हवेत विष आहे की नाही एवढं सांग, मग खुशाल घोर," लंबू म्हणाला.

"दम कुठाय?"

"दम नसला तरी तपासता येतं," कप्तान म्हणाला. "फक्त फासा मी टाकणार, खोक्याआड. तुला उत्तर मिळेल. बरोबर की चूक ते कोणालाच कळणार नाही."

"चुकीचं उत्तर वेगळं दिसतं?"

"अगदी तसंच दिसतं. तीच तर गंमत आहे."

ताई हसली नाही. "हे तुला सुचलं कुठून?"

"तुझ्यावरून. जिना चढताना स्वतःचा चेहरा बघ कधीतरी."

तेवढ्यात काकू, कप्तानाची आई, चहा घेऊन आल्या. तो म्हणाला, "सांगायचंच राहिलं, आईचा रिपोर्ट आला परवा. साधी गाठ, कॅन्सर नाही. तुमच्याच लॅबचा."

ताईनं कप उचलला होता, तो खाली ठेवला. "गाठ काढली कधी, काकू?"

"मंगळवारी गं."

"म्हणजे काप बुधवारी," ताई पुटपुटली.

बुधवार मला पाठ आहे. लॅबमधली जोडीदारीण आली नाही म्हणून ताईनं दोन पाळ्या सलग केल्या आणि घरी येऊन बुटांसकट आडवी झाली. गाठीचा पातळ काप काढून काचेवर घ्यायचा, हे तिचं काम. डॉक्टर नंतर ती काच बघतात. एका काचेवर नंबर टाकायचा, त्यावर काप घ्यायचा, मगच दुसरी काच, असं शिकवतात. पण दमलं की काय करतात ते तिनंच मला सांगितलं होतं: आधी सगळ्या काचांवर नंबर टाकून ओळीनं मांडायच्या आणि भराभर काप घेत सुटायचं. एक काच मागेपुढे झाली की एकाचा आजार दुसऱ्याच्या नावावर.

ताई गॅलरीत गेली. मी मागोमाग. ती लॅबमधल्या कोणाशी तरी फोनवर होती.

"बुधवारच्या दुसऱ्या पाळीतल्या सगळ्या काचा नव्यानं कर. हो, सगळ्या. मेणात बसवलेले तुकडे कपाटात आहेत... नाही, चूक दिसली नाहीये. दिसणारच नाही ना. डॉक्टरांना सांग मी सांगितलंय. हो, माझंच नाव घाल."

फोन ठेवून तिनं कठड्यावर कपाळ टेकलं. मग म्हणाली, "मंगळवारी कळेल. बदल निघाला तर मी स्वतः सांगेन काकूंना. नाही निघाला तर त्यांना का जाळायचं? तोवर तू तोंड उघडायचं नाहीस."

आत गेलो तर लंबू वैतागलेला, दोन फेऱ्या फुकट म्हणून. काकूंनी ताईचा गार झालेला कप बदलला.

"कित्येक दिवसांनी झोप लागली बघ मला. तूच केलंस का गं माझं?"

"हो बहुतेक."

"मग काळजीच नाही."

ताईनं पत्ता सुलटा केला, कोरा दम शोधत असल्यासारखा बघितला, आणि परत पालथा ठेवला.

आज सोमवार. सकाळी काकू जिन्यात भेटल्या, हातात बॅग, बहिणीकडे चार दिवस राहायला निघालेल्या. इतक्या खूश की काय सांगू. मी बॅग खालपर्यंत नेऊन दिली, रिक्षात ठेवली, आणि गप्प बसले.

तू काय केलं असतंस?