डोकं खाली, सरकार

चौथ्या वॉर्डात नर्स ग्रेच्या हाताला मागणी होती. जखमेला चिकटलेली पट्टी ती अशी सोडवायची, की लढाईतून आलेल्या शिपायाच्या तोंडातली शिवी अर्ध्यावरच राहायची. टॉश नावाचा पीटरहेडचा कोळी तिथे होता, एक पाय गुडघ्याखाली गेलेला. तो म्हणायचा, “ग्रे, तू आमच्या धक्क्यावर हेरिंग मासे साफ करायला असतीस ना, तर बाकीच्या बायका उपाशी मेल्या असत्या.” स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या त्या इस्पितळात याहून मोठी पदवी अजून कुणाला मिळाली नव्हती, आणि ती मिळाली की नर्स ग्रे दिवसभर खुशीत असायची.

तशी तिला पदव्यांची ददात नव्हती. तिचं खरं नाव राजकन्या एलस्पेथ, राजाची सख्खी भाची. शिवाय ती ग्लेनार्डची डचेस होती, आणि तीही नवऱ्याच्या नावानं नव्हे, स्वतःच्या हक्कानं. वडिलांना मुलगा नव्हता. घराणं बुडू नये म्हणून राजानं खास सनद काढून ठेवली होती, की ड्यूकच्या मागे गादी थोरल्या मुलीकडे जाईल. वडील गेले, आणि डोंगर आले, नदी आली, नदीतले मासे आले, डोंगरावरची हरणं आली. हे सगळं तिला नुसतं जन्माला येण्याबद्दल मिळालं होतं. डोक्यावरची पांढरी टोपी मात्र तिनं कमावली होती, फरश्या घासून, भांडी उकळून आणि सिस्टरची बोलणी खाऊन. त्या टोपीला कुणी हात लावला असता तर तिनं तो हात चावला असता.

ती कोण हे इस्पितळात फक्त मेट्रन मिस लॉरिमरला ठाऊक होतं. नाकावर माशी बसू न देणारी बाई. पहिल्याच दिवशी तिनं सांगून टाकलं होतं, “इथे नर्स ग्रे चालेल. राजकन्येसाठी माझ्याकडे जागा नाही.” एलस्पेथला तेच हवं होतं.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका दुपारी फ्रान्सहून जखमींची गाडी आली आणि तिच्यातून फिनले माकरे आला.

फिनले म्हणजे ग्लेनार्डच्या डोंगरावरचा मुख्य वाटाड्या. हरणाचा माग काढावा तर त्यानं. त्याचा बाप, त्याचा आजा, सगळे त्याच डोंगरावर झिजले. पन्नाशीला टेकलेला हा माणूस लढाईवर गेला तो नजरेच्या जोरावर. दुर्बीण लावून शत्रूच्या खंदकातली हालचाल हेरायचं काम त्याच्याकडे होतं. तोफगोळ्याचा तुकडा मांडीत घुसला होता. डॉक्टरांनी मांडीतली मोठी नस नुकतीच शिवली होती आणि बजावून ठेवलं होतं, की या माणसानं बोटसुद्धा हलवायचं नाही.

एलस्पेथ ट्रे घेऊन आली. फिनलेनं मान वळवली. डोंगरावर मैलभरावरचं शिंग ओळखणारे डोळे ते, टोपीखालचा चेहरा त्यांच्यापासून लपतो होय?

“सरकार!” तो म्हणाला, आणि उठून उभा राहिला.

माकरे घराण्यातला कुठलाही पुरुष ग्लेनार्डच्या धन्यासमोर कधी बसून राहिला नव्हता, आडवा पडणं तर दूरच. पलंगाशेजारी तो ताठ उभा राहिला, हात सावधानच्या पवित्र्यात अंगाला चिकटलेले, आणि पायजम्यावर लाल डाग पसरत गेला.

ट्रे खाली आदळला. एलस्पेथनं त्याला पलंगावर लोटलं, मूठ जखमेवर दाबली आणि सगळा भार टाकून तशीच वाकून राहिली. शस्त्रक्रियेच्या खोलीपर्यंत ती त्याच्या ढकलगाडीबरोबर मूठ न हलवता चालत गेली. डॉक्टरांनी नस पुन्हा शिवली. फिनले वाचला.

पण वॉर्डाला कळायचं ते कळलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून वॉर्डाची रयाच गेली. काल “ग्रे, भांडं आण गं, लवकर!” म्हणून ओरडणारे बाप्ये आज ओठ घट्ट मिटून छताकडे बघत होते. डचेसकडे लघवीचं भांडं मागायचं कसं? काही जण तर सकाळपासून तुंबून पडले होते. पट्टी सोडवताना शिव्या नाहीत, थट्टा नाही. ज्याला विचारावं तो म्हणे, “छान आहे, सरकार. काही त्रास नाही, सरकार.” टॉशही छान होता. संध्याकाळी तो तापानं बडबडायला लागला तेव्हा कळलं, की त्याची जखम आतून पिकली होती आणि लाजेपोटी त्यानं चकार शब्द काढला नव्हता. डॉक्टरांना ती पुन्हा उघडावी लागली.

मिस लॉरिमरनं एलस्पेथला खोलीत बोलावलं.

“तुमचा हात चांगला आहे, नर्स ग्रे. इतका चांगला हात मी फार थोड्यांचा पाहिला. पण तुमच्यासमोर माणसं बरी होत नाहीत, सभ्य होतात. आणि सभ्य रोगी मरतो.”

“मला थोडा वेळ द्या.”

“शनिवारी तुमच्या आईसाहेब वॉर्ड पाहायला येताहेत. तुम्हाला परत घेऊन जायची त्यांची इच्छा आहे. मी नाही म्हणणार नाही. तोवर वॉर्ड पहिल्यासारखा झाला तर बघू.”

आईची इच्छा एलस्पेथला तोंडपाठ होती. जखमींसाठीच्या मदत मंडळांचं अध्यक्षपद, मोज्यांचे गठ्ठे पाठवणं, फोटो काढून घेणं. उंटावरून शेळ्या हाकायच्या. आई नेहमी म्हणायची, “पट्ट्या बांधायला हजार मुली मिळतील, एल्सी. डचेस एकच आहे.” एलस्पेथला वाटायचं, नेमकं उलटं आहे. डचेस कुणीही होऊ शकतं, त्यासाठी फक्त बापाला मुलगा नसावा लागतो.

तिनं आधी साधा मार्ग धरला. फिनलेच्या पलंगाशी गेली. तो कोपरावर भार देऊन उठायच्या बेतात होताच.

“फिनले, झोप. इथे मी सरकार नाही. नर्स ग्रे आहे.”

“बरं, सरकार.”

“सरकार नाही म्हटलं ना!”

“चुकलं, सरकार.”

तिला हसू येईना आणि रडूही येईना. माकरेच तो, पालथ्या घड्यावर पाणी. ती त्याच्या मांडीची पट्टी तपासायला वाकली. तो पलंगाच्या कडा धरून, अंग आखडून, मालकिणीच्या हाताला आपला पाय लागतोय या शरमेनं अर्धमेला झाला होता.

असं वाकल्यावर तिला अचानक चिखलाचा वास आठवला. ती तेव्हा लहान होती, पहिल्यांदाच वडिलांबरोबर हरणामागे गेली होती. पुढे फिनले, मागे वडील, त्यांच्यामागे ती, तिघंही पोटावर सरपटत. तिनं हरीण दिसतंय का पाहायला मान वर केली, आणि फिनलेनं मागे वळून तिचं मुंडकं धरून थेट काळ्या चिखलात दाबलं. “डोकं खाली, पोरी!” नाकातोंडात चिखल. तिनं रागानं वडिलांकडे पाहिलं, तर ग्लेनार्डचे ड्यूक स्वतःच गाल चिखलाला टेकवून निपचित पडले होते. ते पुटपुटले, “माझ्याकडे काय बघतेस? डोंगरावर फिनलेचं चालतं.”

तिनं पट्टी पुरी बांधली आणि सरळ उभी राहिली.

“फिनले, डोंगरावर कुणाचं चालतं?”

हा काय प्रश्न झाला, असा त्याचा चेहरा झाला. “वाटाड्याचं, सरकार.”

“माझे वडील सोबत असले तर?”

“तरी वाटाड्याचंच. थोरले सरकार कधी माझ्या शब्दाबाहेर गेले नाहीत.”

“राजेसाहेब आले होते तेव्हा?”

“त्यांनाही डबक्यात झोपवलं होतं मी,” फिनले म्हणाला. त्याच्या आवाजात आल्यापासून पहिल्यांदा जरा जीव आला. “वारा फिरला होता. इलाज नव्हता.”

“का ऐकलं त्यांनी?”

“न ऐकून सांगतात कुणाला? जमीन मला ठाऊक. त्यांना नाही.”

“मग ऐक तर,” एलस्पेथ म्हणाली. “हा वॉर्ड माझा डोंगर आहे. इथली जमीन मला ठाऊक आहे, तुला नाही. इथे तू माझ्यामागे सरपटायचंस. मी सांगेपर्यंत मान वर करायची नाही, मग समोर कुणीही असो. कळलं?”

फिनलेनं पलंगाच्या कडा सोडल्या. उशीवर डोकं टेकवलं, अंग सैल सोडलं आणि म्हणाला, “हे आधी का नाही सांगितलंत?”

सनदेवर राजाची मोहोर होती, पण तिच्या ताब्यात आलेला पहिला माणूस हाच.

पुढचं काम फिनलेनंच केलं. त्या संध्याकाळी त्यानं पलंगावर पडल्यापडल्या अख्ख्या वॉर्डाला डोंगराचा कायदा समजावला, आणि ड्यूकच्या नाकात गेलेल्या चिखलाचं वर्णन अशा चवीनं केलं, की तापातून नुकताच उठलेला टॉशही फिदीफिदी हसायला लागला. सकाळी मीठ घातलेली ओटची लापशी वाटली जात होती, तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, “ग्रे! भांडं! पळ, नाहीतर चादर बदलावी लागेल तुला!” इतकी गोड हाक एलस्पेथनं आयुष्यात ऐकली नव्हती. ती पळाली.

मिस लॉरिमरनं दारातून पाहिलं आणि ती पुढच्या वॉर्डाकडे निघून गेली. तरीही शनिवारी एलस्पेथची पेटी बांधून दरवानानं खाली दाराशी आणून ठेवली.

आईसाहेब आल्या. काळा झगा, मोत्यांची माळ, मागे दोन बायका आणि मिस लॉरिमर. ज्यांना पाय होते ते सारे पलंगांशेजारी उभे राहिले. राजाच्या बहिणीसमोर माणसं उभी राहतात, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. आईसाहेब एकेकाला दोन शब्द बोलत पुढे सरकत होत्या. फिनले दिसताच त्यांचा चेहरा खुलला.

“फिनले माकरे! तू इथे?”

साऱ्या आयुष्याची सवय ती. फिनलेचा हात आपोआप पलंगाच्या कडेला गेला, खांदा उचलला गेला. मिस लॉरिमरचा श्वास अडकलेला एलस्पेथला ऐकू आला. एक पाऊल पुढे टाकून ती हलक्या आवाजात म्हणाली,

“डोकं खाली.”

फिनले गपकन आडवा झाला.

आईसाहेबांच्या भुवया वर गेल्या. त्यांच्यासमोर पडून राहिलेला माकरे त्यांनी आजवर पाहिला नव्हता. “बरं नाहीये का फार?” म्हणत त्या पलंगाच्या कडेवर टेकायला लागल्या.

“आई, पलंगावर बसायचं नाही,” एलस्पेथ म्हणाली. “टाके ताणतात.”

राजाच्या बहिणीला ‘नाही’ म्हटलेलं तिथे कुणी ऐकलं नव्हतं, बहुधा खुद्द आईसाहेबांनीही नाही. त्या अर्ध्या वाकलेल्या होत्या, तशाच सरळ झाल्या. गालांवर लाली चढली.

“एल्सी,” त्या सावकाश म्हणाल्या, “गाडी खाली उभी आहे. तू माझ्याबरोबर येते आहेस. आत्ता.”

एलस्पेथनं तोंड उघडलं. तेवढ्यात मागून टॉश केकाटला, “ग्रे! माझी पट्टी ओली लागतेय. रक्त आहे बहुतेक, ये गं!”

राजघराण्यातल्या माणसाकडे कुणी पाठ फिरवत नाही. दारापर्यंत उलट्या पावलांनी जायचं हे एलस्पेथला चालता यायच्या आधीपासून शिकवलेलं होतं. तिनं आईकडे सरळ पाठ फिरवली आणि बाह्या सरसावत टॉशच्या पलंगाकडे गेली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. टॉशची पट्टी खरंच लाल झाली होती. तिनं ती सोडवली, आणि टॉशच्या तोंडातली शिवी, राजाच्या बहिणीच्या देखत, अर्ध्यावर राहिली.

आईसाहेब लेकीच्या हातांकडे पाहत होत्या. ते हात त्यांना ओळखीचे वाटत नव्हते. लाल पडलेले, नखं कापलेले, आणि जराही न थरथरणारे. त्यांच्या मागे मिस लॉरिमर वॉर्डाच्या दारात थांबलेल्या दरवानाला हलकेच म्हणाली, “ती पेटी वर नेऊन ठेव.” आईसाहेबांनी ते ऐकलं. त्यांनी अडवलं नाही.

थोड्या वेळानं त्या खाली वाकल्या आणि पलंगाला हात न लावता विचारलं, “फिनले, आता मी काय करायचं?”

ग्लेनार्डच्या डोंगरावर त्याही कधीकाळी त्याच्यामागे सरपटल्या होत्या. फिनलेनं उशीवरून मान न उचलता उत्तर दिलं,

“हलायचं नाही, मोठ्या सरकार. नर्स सांगेल तेव्हा.”

आणि राजाची बहीण, हात समोर जुळवून, वाट पाहत उभी राहिली.