सगळ्यांना उघडी असलेली यादी

मित्रांनो, कोपऱ्यात पोत्याखाली पडलेला हा पिवळट डबा एके काळी संगणक होता, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. माझी वायर केव्हाच उंदरांनी कुरतडली. तरी पोटात अजून काहीतरी घरघरतं, असं मला वाटत राहतं. एका यादीची धास्ती गेलेलीच नाही.

बेळगावात माझी जोडणी झाली आणि अठ्ठ्याण्णव साली बसच्या टपावर बसून मी रामनगरला आलो. धरणात घरं गेलेल्या लोकांसाठी तिथं एक संस्था काम करत होती. तिच्या कचेरीत आम्ही तीन संगणक एका तारेनं जोडलेले. घरजागेचे कागद ज्यांना मिळायचे होते, त्यांची यादी माझ्या एका फोल्डरमध्ये होती. तारेमुळे ती तिन्ही टेबलांवरून उघडायची. लोक दारातून डोकावून म्हणत, "ह्या डब्यात अख्खं गाव हाय." मी फुशारून जाई.

यशवंत माझ्यावर टंकायचा. यादी सगळ्यांना बघता येईल, पण बदलता येईल फक्त त्याला, अशी परवानगी त्यानं लावली. ते चिटणीस पुंडलिककाकांना झोंबलं.

"माज्याच कचेरीत मला बंदी? घरात कुणी भाताच्या मडक्याला कुलूप लावतंय व्हय?"

"कुलूप न्हवं काका, फकस्त..."

"मग काढ."

वडीलधाऱ्याला नाही कसं म्हणायचं? यशवंतानं सगळ्यांना पूर्ण परवानगी दिली. तेव्हापासून मला चैन पडेना. कुठल्याही टेबलावर कळ दाबली, की माझ्या काळजात धस्स व्हायचं.

एका सकाळी काकांना यादीत 'कान्हू वेळीप' दोनदा दिसलं. यशवंताची चूक आपणच निस्तरावी, म्हणून त्यांनी एक ओळ पुसली. पण ती चूक नव्हती. इकडे नातवाला आज्याचं नाव ठेवतात. एकाच आज्याचे हे दोन नातू, चुलतभाऊ, दोघेही कान्हू. त्यातला एक वारला होता. त्याचा कागद त्याच्या बायकोला, चंद्राला, मिळायचा होता. मी सगळं बघत होतो, पण मला तोंड नव्हतं. यादी छापून तालुक्याला, जोयड्याला, साहेबांकडे गेली; कागद तिथंच वाटायचे होते.

वाटपाच्या दिवशी सकाळी चंद्रा कचेरीत आली. तिला अक्षरं येत नव्हती आणि नवऱ्याचं नाव ती तोंडानं घेत नसे.

"त्यांचं वाच," ती यशवंताला म्हणाली. "दोन डाव येतंय ते नाव."

यशवंत वाचत गेला. नाव एकदाच आलं.

"ते एक माज्या दिराला जाईल. मग माजं खंय गेलं?"

सगळे यशवंताकडे बघू लागले. "लक्ष न्हाई पोराचं," कुणीतरी म्हणालं. ओळ कुणी पुसली, हे माझ्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं. काका गप्प राहिले असते, तर खपून गेलं असतं.

काकांनी चष्मा काढला. "त्याला बोलू नका. मी पुसलं."

यशवंतानं जुन्या छापील प्रतीवरून ओळ पुन्हा टंकली. तो कागद घेऊन काका चंद्राबरोबर जोयड्याच्या बसला बसले. दिवसभर मी नुसता घरघरत राहिलो. ती दोघं परतली तेव्हा तिन्हीसांज झाली होती. चंद्राच्या हातात जागेचा कागद होता, छातीशी घट्ट धरलेला.

"मला बघायचीच परवानगी ठेव," काका यशवंताला म्हणाले. "खळ्यात भाताच्या राशीभोवती राखेची रेघ वडतात. बघत्यात समदी, मालकाबिगर मोडत न्हाई कुणी. असं सांगायचं हुतंस."

"सांगतच हुतो. तुमी बोलू कुठं दिलं?"

"त्ये बी खरं."

मित्रांनो, कुणाचं नाव पुसायची वेळ आली, तर आधी त्याच्या दारात जाऊन विचारून या. चंद्राचं दार कचेरीपासून हाकेच्या अंतरावर होतं.