हार घातलेला जेंबे

मी एक जुना जेंबे आहे. नाव ऐकून बुचकळ्यात पडू नका, मित्रांनो. जेंबे म्हणजे आफ्रिकेतला, हातांनी वाजवायचा ढोल. वर बकऱ्याचे कातडे, खाली बारीक लाकडी कंबर आणि अंगभर दोऱ्यांची वीण. तुर्भ्याच्या आमच्या बिल्डिंगमधली मुले मला डमरूचा थोरला भाऊ म्हणत. सुरुवातीला मला फार राग यायचा. आता वाटते, म्हणाली तर म्हणाली, निदान माझ्याकडे बघत तरी होती.

माझा जन्म गिनी देशातला. मला वाजवणाऱ्या मामादूच्या वडिलांनी मला एका अख्ख्या ओंडक्यातून कोरले. त्यांच्या हत्याराचे घाव अजून माझ्या पोटात आहेत, आत हात घातलात तर बोटांना लागतील. मामादू मला घेऊन देशोदेशी हिंडला आणि एका हिवाळ्यात नवी मुंबईला आला. नेरूळच्या एका सभागृहात आफ्रिकेच्या पारंपरिक संगीताचा महोत्सव भरला होता. संध्याकाळी मोठे कार्यक्रम आणि सकाळी कार्यशाळा. कार्यशाळेत बघ्यांना जागा नव्हती, जो येईल त्याने वाजवायचे. मामादूचा नियम एकच. आधी दोन्ही तळवे कातड्यावर ठेवायचे, थोडे थांबायचे, मग पहिली थाप. इथे येऊन शिकलेल्या हिंदीत तो सांगायचा, "पहले हाथ रखो. उसको पता चलने दो, कौन आया है."

तिथेच मला सत्यभामा आजी भेटली. ती मूळची साताऱ्याकडची. तिचा नवरा तुर्भ्याच्या बाजारात पोती वाहायचा, आता मुलगा किसन वाहतो. आजी आली होती नात वैष्णवीला सोडायला आणि दाराशी बसायला. मामादूने तिला आत बोलावले आणि मला तिच्यापुढे सरकवले.

"आगं बया, मला कुठं येतंय हे?"

"आजी, परात समज ना. टेन्शन नको घेऊ," वैष्णवी म्हणाली.

आजीने तळवे ठेवले, थांबली आणि भाकरी थापावी तशी मला थापू लागली. मित्रांनो, मी घाबरट हात पाहिले आहेत, रागावलेले हात पाहिले आहेत, फोटोपुरते आलेले हात तर विचारूच नका. हा हात निराळा होता. थापता थापता तो मला जणू फिरवून गोल करत होता. मामादू खूश होऊन हसला. "आजी, आपका हाथ तो घर से सीखकर आया है!"

महोत्सव संपला तेव्हा मामादूने मला आजीकडेच ठेवले. "बजाते रहना. नहीं बजाया तो ये सो जाएगा," एवढेच तो म्हणाला आणि पुढच्या हिवाळ्यात येतो असे सांगून गेला.

घरी किसनने मला पाहिले आणि कपाळाला हात लावला. "आई, ह्या वयात ढोल बडवणार का तू? बिल्डिंगवाले हसतील." आजीने निमूटपणे मला चादरीखाली झाकले. किसनला वाटले, हौस फिटली. पण तो दुपारी बाजारात गेला रे गेला की चादर निघायची. आजी माझ्यावर, वैष्णवी उपड्या डब्यावर. आजी थापेने विचारायची आणि वैष्णवी डब्यावर उत्तर द्यायची, असा त्यांचा ठेका होता. आजी कधी मुद्दाम लांबवायची, मग वैष्णवी चुकायची आणि दोघी हसत सुटायच्या. माझ्या आयुष्यातले तेच सुखाचे दिवस. आजीच्या तळव्याने घासून माझे कातडे एका जागी काळपट, गुळगुळीत झाले होते.

"आजी, पप्पांना ऐकव ना."

"नीट बसू दे गं हातात. मग समोर बसवून ऐकवीन त्याला. तोंडात बोटं घालील बघ."

तो दिवस आला नाही. पावसाळा सरता सरता आजी गेली. सकाळी चहा पिऊन जरा आडवी झाली, ती उठलीच नाही.

किसनने मला चादरीखालून काढले, पुसले आणि आजीच्या फोटोखाली पाटावर ठेवले. फोटोला हार आणि मलाही हार. कातड्यावर हळदकुंकू. रोज कामावरून येताना तो ओली ताजी फुले आणायचा. वैष्णवीने हात पुढे केला की म्हणायचा, "आईची आठवण हाय ती. हात लावायचा नाय."

मी देव झालो, मित्रांनो. आणि सांगतो, मला ते मुळीच मानवले नाही. हाराचे पाणी माझ्या काठावर ठिबकायचे आणि दोऱ्यांच्या बेचक्यात साचायचे. कातड्याला ओल सोसत नाही. ते आधी सैल पडले, मग कडेने कुजू लागले. किसनवर रागावू तरी कसा? तो रोज माझ्यापुढे हात जोडून उभा राहायचा आणि त्याचे डोळे भरून यायचे. अरे, जोडलेले हात सोड आणि एक थाप मार, असे मला ओरडून सांगायचे होते. पण कोणी वाजवल्याशिवाय मला बोलता येत नाही.

हिवाळा आला. मामादू येणार असल्याचे वैष्णवीला कळले. जेवताना ती म्हणाली, "पप्पा, आजी काय वाजवायची ते ऐकायचंय तुम्हाला?"

किसनचा घास हातातच राहिला. "वाजवायची? कधी?"

"रोज. तुम्ही कामावर असायचात तेव्हा. तुम्हालाच ऐकवायचं होतं तिला. मला माझी उत्तरं येतात, आजीचं नीट आठवत नाही. ह्याच्यावर हात ठेवला की आठवेल."

किसन ताटावरून उठला. त्याने माझा हार काढला, आजीच्या जुन्या लुगड्यात मला गुंडाळले आणि मामादू आला त्या सकाळी पोती वाहणाऱ्या खांद्यावरून तान्हे मूल न्यावे तसे कार्यशाळेला नेले. तिथे तो अगदी पुढे मांडी घालून बसला.

मामादूने माझ्या कडेवरून अंगठा फिरवला आणि त्याचा चेहरा उतरला. तो काहीतरी सांगणार होता, पण किसन डोळे मिटून वाट बघत होता. "धीरे, बेटा," एवढेच मामादू बोलला. वैष्णवीने तळवे ठेवले, थांबली. पहिली थाप पडली. आजीचीच थाप. किसनच्या अंगावर काटा आलेला मी पाहिला.

दुसऱ्या थापेला मी फाटलो.

मामादूने घाईने दुसरा जेंबे पुढे केला. वैष्णवीने तो वाजवला, पण तिला येत होती ती फक्त उत्तरे. ती वाजवायची आणि थांबायची, पुन्हा वाजवायची आणि थांबायची.

"मधी थांबती का गं?" किसनने विचारले.

"तिथे आजी असते, पप्पा."

तेव्हा तो एवढा मोठा माणूस माझ्या फाटक्या कातड्यावर डोके ठेवून रडला.

आता मामादूने माझ्यावर नवे कातडे चढवले आहे. ते जुन्यासारखे बोलत नाही. जुना तुकडा किसनने आजीच्या लुगड्यात जपून ठेवला आहे. सुट्टीच्या दुपारी वैष्णवी डबा घेऊन बसते आणि किसन माझ्यासमोर. तो तळवे ठेवतो आणि थांबतो. बराच वेळ थांबतो. मग चुकीची का होईना, एक थाप मारतो आणि वैष्णवी त्याला उत्तर देते.

मित्रांनो, मला जपायचे असेल तर कोरडे ठेवा आणि वाजवा. आणि तुमच्या घरात कोणी दार लोटून काही वाजवत असेल, गुणगुणत असेल, तर दार उघडून आजच समोर बसा. हार घालायला पुढे पुष्कळ दिवस असतात.