चाळीस बोंबील आणि चोवीस गुडघे

बोईसरच्या त्या प्रयोगशाळेत चोवीस पांढरे उंदीर होते आणि चोवीसही जणांच्या एकेका गुडघ्यात संधिवात होता. तो तिथला संशोधक धीरज यानंच, रीतसर परवानगी काढून, घातला होता.

दुखतं गुडघ्यात, पण कांगावा होतो मेंदूत, असं त्याचं म्हणणं. मेंदूतलं एक एन्झाइम दुखण्याचा निरोप तिखटमीठ लावून पुढे पोचवतं, शेजारच्या काकूंसारखं. धीरजचं औषध या काकूंना गप्प करणार होतं. बारा उंदरांना औषध, बारांना नुसतं मिठाचं पाणी. मग गुडघा हळूच वाकवायचा आणि चीं-चीं मोजायची.

दुपारी तीन वाजता प्रयोगशाळेचे प्रमुख कमलाकांत सर निकाल बघायला येणार होते. दोन गटांत फरक दिसला नाही तर प्रकल्प बंद, आणि धीरज परत जळगावला, काकांच्या छत्र्यांच्या दुकानात.

सकाळी धीरजनं गुडघे वाकवले. औषधवाले गप्प राहिले. धीरज खुलला. मग पाणीवालेही गप्प राहिले. एकानं तर, चालू द्या तुमचं, अशा थाटात मान फिरवली.

सगळे एकाच दिशेला बघत होते. धीरजनंही बघितलं. पिंजऱ्यांच्या वर, दोरीला, चाळीस बोंबील लटकत होते.

"नवसीताई, हे काय आहे?"

पिंजरे धुणाऱ्या नवसीताईंना त्याची कीव आली. "बोंबील हायत."

"इथं?"

"पावसात घरी सादळतात. तुमचं यंत्र हवा कोरडी ठेवतं. उंदरांना चालतं, बोंबलांना का नाय?"

"कधीपासून?"

"सोमवारपासून. तुमी वर बघतच नाय, दादा."

बोंबील गच्चीच्या जिन्यात गेले. वास गेल्यावर धीरजनं पुन्हा गुडघे वाकवले. पाणीवाल्यांनी खोली डोक्यावर घेतली, औषधवाले शांत. इतकी गोड चीं-चीं त्यानं जन्मात ऐकली नव्हती.

कमलाकांत सर आले ते पायरीगणिक स्वतःच्या गुडघ्याला एकेक शिवी हासडत. निकाल बघून त्यांनी मान डोलावली. गप्प बसावं, असं धीरजला फार वाटलं. पण सकाळचे आकडे वहीत होते. त्यानं बोंबलांचंही सांगून टाकलं.

"कुठं आहेत?" सरांनी विचारलं.

नवसीताईंनी बोट दाखवलं. सर बावीस पायऱ्या तरातरा चढून गेले.

"सर, गुडघा?" धीरजनं खालून विचारलं.

सरांनी गुडघ्याकडे बघितलं, दुसऱ्याच कुणाचा असावा तसं.

"प्रकल्प चालू ठेवा," ते म्हणाले. "तिसरा गट लिहा, बोंबील. पहिला उंदीर मी." आणि त्यांनी दोरीकडे हात नेला.

"आदी वाळू द्या," नवसीताई म्हणाल्या.