घोसाळ्याचा कोळसा

आई जाऊन दोन महिने झाले तरी प्रयोगशाळेतली तिची बरणी चालूच होती. आत सांडपाणी, त्यात अंगठ्याएवढा कोळशाचा तुकडा आणि त्याच्या छिद्राछिद्रांत वस्तीला असलेले जिवाणू. ते पाण्यातली घाण खातात आणि जराशी वीज त्या कोळशात सोडतात. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी भट्टीत भाजून आई हा कोळसा करायची. रोज सकाळी आधी बरणीत ताजं सांडपाणी, मग स्वतःचा चहा. "तुझ्या धाकट्या भावंडांना भरवून आले," असं मला सांगायची. चाळिशी आली तरी मला त्यांचा हेवा वाटायचा.

तिच्या हाताखालच्या संशोधकाने बोलावलं म्हणून मी प्रयोगशाळेत गेले. आईच्या साठ तुकड्यांपैकी बरणीतला हा एकच इतरांच्या तिप्पट वीज देतो, तिच्या वहीत मात्र कृती सगळ्यांची सारखीच, असं तो म्हणाला. कारण शोधायचं तर तुकडा वाळवून, कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागणार. म्हणजे आतले सगळे मरणार. हे सांगताना तो बरणीकडे बघत नव्हता.

मी वही मागितली. हा तुकडा भाजल्याची तारीख बघितली आणि ओळखली.

त्या दिवशी मी नवऱ्याचं घर सोडलं होतं. आईला फोन करून तिच्याशीच भांडले. तू कधी माझ्यापाशी नसतेस, हेच घोळवून घोळवून. ती ऐकत राहिली. भट्टीत हवा शिरू नये म्हणून सोडलेला नायट्रोजन तेवढ्यात संपला, हे तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. तुकडा निम्मा जळाला, पण टाकवला नाही, म्हणाली. बारीकसारीक सगळं टिपणाऱ्या आईने वहीत तेवढं लिहिलं नव्हतं.

मी सांगितलं तसा तो बघतच राहिला. "मॅडम भट्टी सोडून फोनवर? ताई, आम्हाला तर त्या शिंकायलाही बाहेर पाठवायच्या."

मग तोच विचार करत म्हणाला, थोडी हवा लागून छिद्रं रुंदावली असतील, जिवाणूंना खोलवर जाता आलं असेल. तसंच पुन्हा भाजून बघता येईल. हा तुकडा कापायला नको. त्याने पेन उघडलं.

"फोन किती वेळ चालला होता?"

"पाऊण तास."

शेवटची दहा मिनिटं आम्ही दोघीही गप्प होतो, पण फोन तिनेही ठेवला नव्हता आणि मीही नाही. हे त्याच्या कामाचं नव्हतं. तरी मी सांगितलं.