पेटीतली शेवटची वस्तू

पन्नाशीला टेकलेली बाई इंटर्न झाली तर घरात चेष्टा होणारच. "इंटर्नबाई, चहा मिळेल का?" हे नवऱ्याने पुरवून पुरवून वापरलं. अर्ज लेकीने भरला होता, त्यामुळे माहेरी आली की ती बापावर डोळे वटारायची. गावाच्या इतिहासाच्या त्या छोट्या संग्रहालयात, शिक्षण विभागात, मात्र कुणी हसलं नाही. तिथे पहिल्याच दिवशी त्या सगळ्यांच्या काकू झाल्या, आणि लेक लग्न होऊन गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांना सकाळी उठावंसं वाटायला लागलं.

काम त्यांच्या आवडीचं. शाळांची मुलं यायची, त्यांना दालनं फिरवायची, मग मागच्या खोलीत सतरंजीवर गोल बसवून पेटी उघडायची. पेटीतल्या जुन्या वस्तूंना हात लावायची मुभा होती. कुलूप, कंदील, कोळशाची इस्त्री, आणि सगळ्यात शेवटी एक लाकडाचा तुकडा. तळहातात मावेल एवढा, दोन भोकांचा, एका कडेने झिजून गुळगुळीत झालेला. तो कशाचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच तो पेटीत होता. "आम्हालाही माहीत नाही, तुम्हाला काय वाटतं?" असं विचारायचं, मुलांना हवं ते बोलू द्यायचं आणि पेटी मिटायची. हा विभागप्रमुख मॅडमचा नियम. मॅडम वयाने काकूंच्या लेकीएवढ्या, पण या बाबतीत कुणाची गय करणाऱ्या नव्हत्या. आधीच्या इंटर्नने एका साध्या कंदिलाला राणीचा कंदील करून टाकलं, तर त्याच आठवड्यात त्याला नारळ मिळाला होता.

काकूंची गोची इथेच झाली. उभा जन्म त्यांनी घरी शिकवण्या घेतल्या, आणि शिकवणीत 'माहीत नाही' म्हणणाऱ्या बाईकडे दुसऱ्या दिवशी कोण येतं? तो शब्द त्यांच्या तोंडातून निघतच नसे. त्यातून त्या दिवशी मॅडम बाहेर फोनवर होत्या, आणि नाकावरून चष्मा घसरलेली एक बारकी पोरगी तुकडा दोन्ही हातांत धरून बसली होती. बाकीची पोरं पेटीभोवती दंगा करत होती. हिने मान वर करून विचारलं, "पण खरंच कशाचं आहे हो?"

काकूंनी थाप मारली. चांगली सफाईने मारली. "पाळण्याच्या दोरीची मूठ. आईला उठता येत नसेल तर ती अंथरुणातूनच दोरी ओढायची. बघ, बोटांनी कशी झिजलीय."

पोरगी त्या झिजलेल्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. घरी जाताना काकूंना रुखरुख लागली, पण एवढ्याशा गोष्टीचं कोण लक्षात ठेवतंय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

सुट्टीच्या दिवशी तीच चष्मेवाली बापाचं बोट धरून हजर झाली. मॅडम टेबलाशी बसून मुलांसाठी चित्रं कापत होत्या, काकू पेटी पुसत होत्या.

"ह्याच काकू," पोरगी म्हणाली.

बाप संकोचला होता. "तुम्हाला सांगायचं होतं. हिच्या आईचं ऑपरेशन झालंय, बाळ महिन्याचंसुद्धा नाही. तिला हलता येत नाही आणि ते रडायला लागलं की तीही रडते. हिने माझ्या मागे लागून हे करून घेतलं." त्याने पिशवीतून लाकडाची एक ओबडधोबड मूठ काढली. भोकं वाकडी पडली होती. "आता दोरी तिच्या हाताशी असते. तुमच्याकडची मूळ मूठ बघायचा हट्ट होता, म्हणून आलो."

मॅडमची कात्री थांबली. "मूळ मूठ?"

काकूंनी पुसायचं फडकं खाली ठेवलं. वेळ मारून नेता आली असती. बाप खूश होता, पोरगी खूश होती, आणि मॅडमना नंतर काहीतरी सांगता आलं असतं. हे काम गेलं तर घरी पुन्हा त्या रिकाम्या खोल्या होत्या. पण पोरगी त्यांच्याकडे ज्या विश्वासाने बघत होती, तो त्यांना सहन होईना. त्या गुडघे धरत खाली बसल्या.

"बाळा, मी तुला खोटं सांगितलं. ते कशाचं आहे ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तू इतकं मनापासून विचारलंस की मला 'माहीत नाही' म्हणवेना, म्हणून मी मनाने रचलं." मग मॅडमकडे बघून म्हणाल्या, "चूक माझी आहे. काय ते तुम्ही ठरवा."

 बापाला हातातली मूठ कुठे ठेवावी ते कळेना. पोरीने चष्मा वर सरकवला, पेटीतला तुकडा घेतला, बापाच्या हातातली मूठ घेतली आणि दोन्ही शेजारी ठेवून बराच वेळ बघितलं.

"हे कशाचं ते माहीत नाही," ती तुकड्याला बोट लावून म्हणाली. मग मुठीला लावलं. "हे पाळण्याचं आहे."

मॅडम उठून आल्या. त्यांनीही दोन्ही निरखून पाहिलं. आवाज जरा खाली आला होता त्यांचा. "काकू, उद्याच्या वर्गाला तुम्हीच बसा. शेवटच्या वस्तूला मी शेजारी असेन, आणि जे आत्ता बोललात तेच बोलायचं." मग त्या पोरीसमोर वाकल्या. "तुझी मूठ आमच्या पेटीत ठेवायला देशील? तिच्याखाली तुझं नाव लिहू."

पोरीने मूठ उचलून छातीशी धरली.

"नाही," ती म्हणाली. "आईला लागते." आणि बापाची बाही ओढली, कारण बाळाची उठायची वेळ झाली होती.