अस्नाकूची बाई

वर्का मेदा या डोंगरातल्या गावच्या शाळेत पहिलीला शिक्षक नव्हता, म्हणून वुबित आली. शहरातल्या एका तरुण मंडळानं तिला वर्षभरासाठी पाठवलं होतं. पगार नाही, राहण्या-जेवण्याचं गावानं बघायचं. मुख्याध्यापक मेकुरियाव यांनी तिला वर्ग दाखवला. निलगिरीच्या वाशांवर चिखल थापलेल्या तीन भिंती होत्या, चौथी बांधायची राहून गेली होती. बसायला दगड.

"खडू जपून वापर," ते म्हणाले. "आणि पोरं रडली तर रडू दे, दमली की गप होतात."

झाडाला ट्रकच्या चाकाची रिंग टांगली होती, तिच्यावर दगड हाणला की शाळा भरायची. चुलीसाठी प्रत्येक पोर येताना एक लाकूड आणायचं. वुबित त्यांच्याआधी ओढ्यावरून पाणी आणून ठेवायची, मग नाकं पुसायची, उवा काढायची आणि "हा, हू, ही" अशी अक्षरं घोकून घ्यायची. मधल्या सुट्टीत भाजलेले जव पोरांच्या मुठीतून आपल्या मुठीत घ्यायची आणि त्यांच्याबरोबर चघळत बसायची. पावसानंतरच्या थंडीत पोरांचे हात फुटायचे, तेव्हा ती त्यांना लोणी चोळायची. ते लोणी यतेमवर्कच्या घरचं. लेक सासरी गेलेल्या या विधवेकडेच ती राहायची.

"माझं लोणी त्या शेंबड्यांना चोळतेस होय गं?" यतेमवर्क कॉफी ओतताना म्हणायची.

"उरलेलं चोळते, एमामा."

"उरलेलं! लग्न करून टाक, म्हणजे स्वतःची पोरं चोळशील, स्वतःचं लोणी संपवशील." असं म्हणून तीच तिच्या कपात साखर जास्त घालायची. वुबित तिला एमामा म्हणजे आईच म्हणायची.

पोरांत सगळ्यात पुढे ताफेरेची अस्नाकू होती. आठ वर्षांची, हडकुळी आणि हट्टी. अक्षरं पाठ झाली तशी ती मिठाच्या पिशवीवरचं, चर्चच्या फाटकावरचं, दिसेल ते वाचत सुटली. ताफेरे रागीट माणूस, पण लेक वाचायला लागली की नांगर टेकवून उभा राहायचा.

वुबितनं एक गोष्ट गावाला सांगितली नव्हती. तिची आई कुंभारीण होती. कुंभार दिवसा मडकी घडवतो आणि रात्री तरस होऊन हिंडतो, त्याची नजर माणसाला आतून खाते, हे त्या डोंगरात दुधाचे दात असलेलं पोरही सांगतं. कुंभारांची मडकी सगळे घेतात, त्यांच्या घरचं पाणी कुणी पीत नाही. शहरात तिला कुणी कूळ विचारलं नव्हतं. इथे यतेमवर्कनं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "आमची शेती होती, एमामा. दुष्काळात गेली."

शनिवारच्या बाजारात ती यतेमवर्कबरोबर मिरच्या घ्यायला गेली होती. बाजाराच्या टोकाला, जनावरं बांधतात तिथे, कुंभारणी तवे आणि कॉफीची भांडी मांडून बसल्या होत्या. त्यांतली एक म्हातारी एकदम उठली.

"वुबिये! अगं माझ्या बहिणीचं लेकरू तू!"

ती तिची मावशी दिंके होती. तिनं धरलेला हात वुबितनं सोडवून घेतला. "तुमची चूक होतेय. मी तुम्हाला ओळखत नाही."

म्हातारीनं यतेमवर्ककडे बघितलं, आणि वुबित का नाकारतेय ते तिला कळलं. "चुकलंच, बाई. डोळे गेले माझे. सगळ्या पोरी सारख्याच दिसतात." ती खाली बसून तव्यांवरची धूळ पुसू लागली.

पण वुबितच्या आणि म्हातारीच्या पुढच्या दातांत सारखीच फट होती. ती यतेमवर्कच्या नजरेतून सुटली नाही. त्या संध्याकाळी तिनं वुबितला कॉफी दिली ती चिरलेल्या कपात, आणि ती पिऊन झाल्यावर कप उकिरड्यावर फेकला.

त्याच आठवड्यात अस्नाकूला ताप भरला. छाती घरघरायला लागली. वुबित धावत गेली, तर ताफेरे दारात आडवा उभा.

"गाशे," थोरल्या माणसाला म्हणतात तसं ती म्हणाली, "तिला दवाखान्यात न्या. मी पाहिलंय असं आजारपण, सुईनं उतरतं ते. आजच न्या."

"तू आत बघू नकोस," तो म्हणाला. "तोंड फिरव."

यतेमवर्क आधीच येऊन गेली होती.

त्यांनी देब्तेराला बोलावलं. हा चर्चमध्ये स्तोत्रं म्हणायचा आणि बाहेर भुतं काढायचा. त्यानं अस्नाकूला कांबळ्याखाली कोंडून मुळ्यांचा धूर दिला. पोर गुदमरून किंचाळत होती आणि तो विचारत होता, "कोण आहेस? कोण खातंय हिला? नाव सांग, मग सोडतो." तापाच्या भरात ती दोन दिवस अक्षरंच बडबडत होती. आता ती ओरडली, "बाई! बाई! बाई!"

ती नाव सांगत होती की हाक मारत होती, हे कुणी विचारलं नाही.

"खाणाऱ्यानं सोडल्याशिवाय सुई टोचू नका," देब्तेरा ताफेरेला म्हणाला. "नजर आत अडकेल, पोर जागच्या जागी मरेल."

मेकुरियाव शाळेत वुबितकडे आले. बाहेर माणसं काठ्या घेऊन थांबली होती.

"सर, तुम्ही शिकलेले आहात. तुम्ही सांगा त्यांना."

"मी काय सांगू? मी हे मानत नाही. पण मी मानत नाही म्हणून ते पोरीला खांद्यावर उचलणार आहेत का? तू कबूल कर, तिच्यावर थुंक. नजर सुटली म्हणतील आणि नेतील दवाखान्यात. चार माणसं आणि झोळी तयार आहे, मी बघून आलो."

"आणि माझं काय?"

"तुझं काय? तू शहरातली, जाशील परत. मला इथेच राहायचंय. चौथी भिंत यांच्याकडूनच बांधून घ्यायचीय."

वुबित उठली आणि चालायला लागली.

ताफेरेच्या अंगणात अख्खं गाव जमलं होतं. अस्नाकूला खाटेवर आणून ठेवलं होतं. तिचे ओठ निळे पडले होते.

"कुणी खाल्लं हिला?" देब्तेरानं विचारलं.

"मी."

"मोठ्यानं!"

"मी खाल्लं."

"कधी?"

हे विचारतील असं तिला वाटलं नव्हतं. "वर्गात," ती म्हणाली. "वाचत होती तेव्हा."

अस्नाकूच्या आईनं तिच्या तोंडावर हातातली पळी मारली. मग सगळ्यांनाच कंठ फुटला.

"माझं खेचर मेलं सणाच्या आधी, ते?"

"माझ्या सुनेचं पोट पडलं, बोल ना, ते कुणाचं काम?"

"माझ्या ताटात जेवली ही," यतेमवर्क रडत होती. "माझ्या लेकीच्या अंथरुणात झोपली!"

"हो," वुबित प्रत्येकाला म्हणत होती. "हो, मीच. आता तिला न्या."

देब्तेरानं मेंढ्या कातरायच्या कात्रीनं तिचे केस मुळापासून कापले आणि निखाऱ्यावर टाकले. मग तिला खाटेपाशी ओढलं. "थुंक."

तिचं तोंड कोरडं पडलं होतं. थुंकी येईना.

"बघा, सोडवत नाही हिला!" कुणीतरी ओरडलं. पाठीत काठी बसली, मग दुसरी. शेवटी फुटलेल्या ओठाचं रक्तच थोडं पोरीच्या कपाळावर पडलं. ते चालेल, असं देब्तेरा म्हणाला.

अस्नाकूनं डोळे उघडून वर बघितलं. कापलेल्या केसांचं, रक्तानं भरलेलं तोंड बघून तिनं भीतीनं डोळे गच्च मिटून घेतले. माणसांनी तिला झोळीत घालून उचललं आणि ती सगळी पळतच उताराला लागली.

वुबितला शाळेच्या लाकडांच्या खोलीत कोंडलं. बाहेर दुसऱ्या दिवशी रिंगवर दगड पडला, पोरं आली. त्यांतली काही फटीतून आत बघायची आणि "तरस! तरस!" म्हणून पळायची. तिनं एकाला नावानं हाक मारली, तर तो रडायलाच लागला. मेकुरियाव यांनी फटीवर गोणपाट लावलं.

मग एका सकाळी ताफेरे आला. चर्चला जातात तसा पांढरा शेला पांघरून. "चल. ट्रकपर्यंत सोडतो. मान खाली ठेव."

तिचं गाठोडं त्यानं काठीच्या टोकाला अडकवून घेतलं, स्वतःचा हात लागू दिला नाही. ओढा ओलांडताना तिचा तोल गेला. त्यानं काठीचं दुसरं टोक पुढे केलं, ते धरून ती पलीकडे आली.

"आमचा राग नाही तुझ्यावर," तो म्हणाला. "तू जन्मालाच तशी आलीस. तरसाला कुणी शिव्या देत नाही."

"गाशे, अस्नाकू कशी आहे? जेवते का?"

ताफेरे थांबला. त्या घटकेला अस्नाकू दवाखान्यात आईच्या मांडीवर बसून जवाची पेज पीत होती आणि भिंतीवरचा कागद वाचून दाखवत होती. सुया लागू पडल्या होत्या. तो तिथूनच आला होता. पण पोर वाचलीय असं खाणाऱ्याला कळलं, की नजर पुन्हा वाट शोधत येते.

"गेली," तो म्हणाला. "काल पुरली."

वुबित रस्त्याच्या कडेला बसली. ती रडली नाही, तिनं फक्त माती मुठीत धरली आणि सोडली. ट्रक आला तेव्हा ताफेरेनं गाठोडं मागे धान्याच्या पोत्यांवर फेकलं. "ही पुढे नको," त्यानं ड्रायव्हरला सांगितलं, आणि का ते त्याच्या कानात सांगितलं.

घरी परतताना तो हलका झाला होता. पुढच्या पंधरवड्यात अस्नाकू उड्या मारत आली आणि गावानं देब्तेराला मेंढा दिला.

वुबित शहरात उतरली, पण मंडळाकडे गेली नाही. आता ती एका खानावळीच्या मागच्या बाजूला भांडी घासते. मालकिणीचं पोर रांगत तिच्याकडे आलं, की ती चेहरा भिंतीकडे करते आणि ओरडते, "घ्या, घ्या कुणीतरी याला इथून!"